ओरिजिनलकाका

जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन जाती असतात. एक, गाडीला झेंडूच्या माळा घालून ती लग्नसराईत भाड्याने देणारे. दुसरी, गाडीवर झेंडूची पाकळीही पडू न देणारे. आमच्या सोसायटीतले काका दुसऱ्या जातीचे. १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी पार्किंगमध्ये अशी झाकून ठेवली आहे की नवा वॉचमन तिला बरेच दिवस पाण्याची टाकी समजतो.

नाव काही का असेना, सगळे त्यांना ओरिजिनलकाका म्हणतात. स्टिअरिंगवरचा गिअर ओरिजिनल, काचेच्या रबराची पट्टी ओरिजिनल, डिकीतला जॅकसुद्धा ओरिजिनल. काकू म्हणतात, "घरात ओरिजिनल अशा आम्ही दोघीच, पण पॉलिश फक्त तिलाच."

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा पेपरात फोटो बघून नातेवाइकांनी काकांना सांत्वनाचे फोन केले. काकांना तो अपमान वाटला. "पद्मिनी हे नाव १९७४ चं. आमची डिलाइट. कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातली असली म्हणून काय झालं?" पुढचा अर्धा तास पलीकडचा माणूस फक्त हुंकार भरत होता.

एवढ्या कर्मठ माणसाला एक ऐहिक वासना आहे. गाडीत गाणी हवीत. तीही मोबाइलमधली, ब्लूटूथवरून, कारण जावयाच्या गाडीत ती लागतात. पण ती कुठून येतात हे कुणाला दिसता कामा नये. अडचण इथेच आहे. आजचा साधा कार स्टिरिओ १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेत बसतो. हे माप जर्मनांनी ठरवलं आणि जगाने मान्य केलं. स्क्रीनवाला हवा तर उंची दुप्पट, १०० मिलिमीटर. काकांच्या डिलाइटला हे माप ठाऊकच नाही. तिच्या जमान्यातल्या रेडिओला मधे काटा फिरणारी पट्टी आणि दोन बाजूंना दोन बटणं. नवा सेट बसवायचा तर पत्रा कापावा लागतो. आणि 'कापणे' हे क्रियापद काका फक्त इतरांच्या गाड्यांबद्दल वापरतात.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक बॉनेट उघडून इंजिन बघतात. काका खिशातून टॉर्च काढतात आणि थेट डॅशबोर्डखाली वाकतात. ऐंशीच्या दशकात कुणीतरी कॅसेट प्लेअरसाठी करवत चालवलेली असतेच. ती खूण दिसली की दहाव्याला आल्यासारखा चेहरा करून ते मालकाला विचारतात, "तुम्ही, की आधीच्यांनी?" बहुतेक मालक आधीच्यांवर ढकलतात. आधीचेही असंच म्हणत असतील.

तेव्हा कापायचं नाही. मग उपाय एकच, जुन्या रेडिओचं कलेवर मिळवायचं आणि त्यात नवा जीव भरायचा. त्यासाठी काका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातात. तिथले विक्रेते त्यांना लांबून ओळखतात आणि ते जवळ येईपर्यंत भाव वाढवून ठेवतात.

"चालू आहे का?"

"काका, चालू असता तर इथं असता का?"

हे उत्तर पटल्यामुळे काकांनी सेट घेतला.

पुढचा मुक्काम नाना पेठेत. तिथल्या वायरिंगवाल्या पोराने नव्या सेटच्या वायरी हातात घेतल्या आणि लाल-पिवळी एकत्र पिळली. काकांनी त्याचा हात धरला. पिवळी थेट बॅटरीवर जाते, सेटची स्मरणशक्ती तिच्यावर असते. लाल किल्लीवर जाते. दोन्ही बॅटरीवर टाकल्या तर सेट रात्रभर बॅटरी पीत बसतो. दोन्ही किल्लीवर टाकल्या तर गाडी बंद केली की सेट सगळं विसरतो. "आमच्या शेजाऱ्यांसारखा," काका म्हणाले. मग स्पीकरच्या वायरी: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदारीण. जुन्या एका स्पीकरच्या रेडिओत एक टोक बॉडीला टाकलं तरी चाले. आताच्या सेटमध्ये दोन्ही टोकांना करंट असतो, त्यातलं एक बॉडीला टेकलं तर आतली आयसी उडते. पोरगा नम्रपणे म्हणाला, "मग तुम्हीच जोडा ना, मी टॉर्च धरतो." आणि खरंच धरली. मजुरी मात्र पूर्ण घेतली.

काकांचे एक मॉरिसवाले मित्र आहेत. त्यांच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, जुन्या इंग्लिश गाड्यांत असायचा तसा. त्यांनी काकांचं बघून तसाच सेट आणला आणि बसवला. सेटची पत्र्याची पेटी डॅशबोर्डला टेकताच धूर निघाला. काका सेटबद्दल हळहळले नाहीत. म्हणाले, "पण वायरिंग ओरिजिनल होतं हो."

आवाजाची सोय हे वेगळंच प्रकरण. दारं कापायची नाहीत, मागच्या काचेखालची फळी भोकसायची नाही. तेव्हा सुताराकडून लाकडी खोकी करून स्पीकर पुढच्या सीटखाली ढकलले. आता लताबाई पोटऱ्यांशी गातात. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात एक बारीक शिट्टी शिरते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर टिपेला जाते. ती डायनॅमोची. त्यावर कंडेन्सर लावतात आणि सेटची अर्थिंग स्वच्छ, उघड्या पत्र्यावर घेतात. उघडा पत्रा म्हणजे रंग खरवडायचा? काका पॉलिश पेपर हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. शेवटी डॅशबोर्डखाली त्यांना एक बोल्ट सापडला, त्याच्या मुळाशी रंग कारखान्यातच लागला नव्हता. इतका आनंद मुलाला नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता, असं काकू सांगतात.

सगळं जुळल्यावर त्यांनी आम्हाला खडकवासल्याला नेलं. पुढच्या अखंड सीटवर तिघं बसलो. रेडिओचा काटा पन्नास वर्षांपूर्वीच्या जागी स्थिर होता आणि मोबाइलवरचं गाणं सीटखालून उमटत होतं. ध्रुवपदही पुरं झालं नसेल, काकांनी सेट बंद केला.

"थांबा. टॅपेट वाजतंय का?"

वाजत नव्हतं. तरी धरणापर्यंत आम्ही टॅपेटच ऐकलं, आणि परत येताना गिअरबॉक्स. दिसू नये म्हणून काकांनी एवढा खटाटोप केला होता. तो सेट आता ऐकूही येत नाही. याहून ओरिजिनल डिलाइट कारखान्यातूनही बाहेर पडली नसेल. रेडिओ तेव्हा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे आणि त्याचं लायसन्स पोस्टात काढावं लागे, हेही काकांनीच त्या शांततेत आम्हाला सांगितलं.

एक काम मात्र राहिलं आहे. जुन्या बाजारातल्या त्या सेटला एकच बटण होतं, उजवं. आवाजाच्या डाव्या बटणाजागी सध्या काकूंच्या जुन्या मिक्सरचं बटण आहे, आणि त्यावरचा 'तीन' हा आकडा काका अंगठ्याने झाकून गाडी दाखवतात. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर त्या काळच्या कार रेडिओचं डावं बटण पडलं असेल तर कृपया कळवावं. डुप्लिकेट असल्यास कळवू नये.