मांडणशिल्प, साइज नऊ

चित्रकलेचं आणि माझं शाळेतच फाटलं. एलिमेंटरीच्या सराव परीक्षेत स्मरणचित्राला बाजाराचं दृश्य आलं होतं. मी काढलेली भाजीवाली बघून सरांनी शांतपणे विचारलं, "ही बाई धनुष्यबाण घेऊन का बसलीय रे?" तो तराजू होता. मुख्य परीक्षेत कर्तव्यभूमितीने हात दिला, कारण कंपासने काढलेलं वर्तुळ गाढवाचंही गोलच येतं. क श्रेणीत सुटलो. पुढची हयात बँकेच्या कर्ज खात्यात गेली आणि लाल शाई सोडली तर दुसऱ्या रंगाशी माझा संबंध आला नाही.

निवृत्तीनंतर केरळच्या सहलीला गेलो, तेव्हा टूरवाल्याने कोचीत अर्धा दिवस मोकळा सोडला होता. 2016 सालची कोची-मुझिरिस बिनाले तिथे चालू होती. त्या खेपेचे क्युरेटर मुंबईचे सुदर्शन शेट्टी, म्हणजे आपलाच माणूस, म्हणून मी हक्काने आत शिरलो. फोर्ट कोचीतल्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसच्या जुन्या गोदामात चिलीचे कवी राउल झुरिता यांनी समुद्राचं पाणी भरून ठेवलं होतं. अ‍ॅलन कुर्दी या बुडालेल्या चिमुकल्याचा किनाऱ्यावरचा फोटो 2015 साली सगळ्या जगाने पाहिला. त्याचा भाऊ गालिपही बुडाला होता, त्याचा तसा फोटो कुणी पाहिला नाही. झुरितांचं काम त्या गालिपसाठी होतं. पँट दुमडून मी त्या पाण्यातून चालत गेलो. भिंतींवर मजकूर होता, चित्र एकही नव्हतं. तरी पलीकडे पोचेपर्यंत घसा दाटून आला.

त्याच भारावलेल्या अवस्थेत बाहेर आलो, तर समोर दुसरी कलाकृती. भिंतीलगत ओळीने मांडलेल्या चपला, सँडल, बूट. काही जोड एकमेकांना बिलगलेले, काही रुसलेले. मी तीन कोनांतून फोटो काढले, मान तिरकी करून पाहिलं आणि बायकोला 'मानवी स्थलांतर' वगैरे समजावत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या आणि स्थलांतराचा मधला भाग पायांत घालून निघून गेल्या.

बायको काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलावं लागत नाही.

पण कल्पना डोक्यात बसली ती बसलीच. मांडणशिल्पाची मोठी सोय अशी की त्याला रेघ मारता यावी लागत नाही. मांडता यायला हवं, आणि मांडलेल्याबद्दल लिहिता यायला हवं. दुसऱ्या कामाला तर मी आयुष्यभर पगार घेतला. 2025 च्या गणपतीत आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने पार्किंगमध्ये रहिवाशांसाठी कलादालन भरवायचं ठरवलं, तेव्हा रांगोळीवाल्यांच्या आधी माझा अर्ज गेला. शीर्षक: 'अनुपस्थिती'. सोबत दोन पानी कॉन्सेप्ट नोट. "प्रस्तुत मांडणीत वापरलेल्या पादत्राणांद्वारे अनुपस्थित देहांची नोंद घेण्याचे योजिले आहे" अशी सुरुवात. शेवटच्या परिच्छेदात मार्सेल द्यूशाँला आणला. त्याने 1957 साली ह्यूस्टनच्या भाषणात सांगितलं होतं की कलाकृती एकटा कलावंत घडवत नाही, पाहणाराही त्यात भर घालतो. हे वाक्य मी ठळक अक्षरांत घेतलं. खाली सवयीने 'मंजुरीसाठी सादर' असंही लिहून बसलो. सेक्रेटरींनी 'पाहिले' म्हणून सही ठोकली.

"चपला?" बायको म्हणाली.

मी तिला इटलीच्या मॉरिझिओ कातेलानचं केळं सांगितलं. 2019 मध्ये मायामीत त्याने भिंतीला चिकटपट्टीने लावलं, आणि 2024 च्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात ती कलाकृती 62 लाख डॉलरला गेली. घेणाऱ्याने ते केळं नंतर खाऊनही टाकलं.

"केळं निदान खाता येतं," ती म्हणाली.

चपला मात्र घरातल्याच जमवल्या. मुलीचे शाळेचे काळे बूट, आईची पट्टा शिवलेली सँडल, माझे ऑफिसचे बूट. मधोमध माझी कोऱ्यासारखी कोल्हापुरी, साइज नऊ. त्याच जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला दाखवल्या होत्या आणि त्यावरून इकडे वादळ उठलं होतं, त्यामुळे तिला आंतरराष्ट्रीय संदर्भही आपसूक मिळाला. सगळ्यांत शेवटी माळ्यावरून वडिलांची चप्पल काढली. अंगठ्याच्या जागी गोल खळगा आणि उजवी टाच बाहेरून झिजलेली. शेजारी ठेवायला माझा बूट उलटा केला, तर त्याचीही उजवी टाच तशीच, बाहेरूनच. दोन पानी नोटमध्ये हे कुठेच आलं नव्हतं. मी टेप घेऊन जोडांमधलं अंतर मोजत होतो, ते काम जरा वेळ राहिलं. मग नोट फाडून नवी लिहावी असं मनात आलं; पण लॅमिनेशन झालं होतं.

मंडपाच्या डाव्या हाताला काळं कापड अंथरून, वर पिवळा दिवा लावून मी 'अनुपस्थिती' मांडली. आता मंडपाशेजारी नीट अंथरलेलं कापड, त्यावर ओळीने चपला आणि वर उजेड, हे पाहून डोंबिवलीचा भाविक काय करेल? संध्याकाळी मी आरतीत ताम्हण धरून पुढे उभा. मंत्रपुष्पांजली संपवून मागे वळलो, तर शिल्प तिप्पट वाढलेलं. त्यातच पावसाने गाठलं. जो तो घाईने पायांत येईल ते चढवून पळाला. मी ताम्हण हातात धरूनच "अहो, ती कलाकृती आहे! कलाकृती!" असं ओरडत होतो. एक आजोबा थांबले. "हो का? छान आहे," म्हणाले, आणि माझ्या ऑफिसच्या बुटांत पाय घालून गेले.

रात्री यादी घेऊन बसलो. यादी होतीच, बँकेतला माणूस यादीशिवाय कला करत नाही. गंमत म्हणजे शिल्लक जुळली. जेवढे जोड मांडले तेवढेच उरले होते, फक्त मालाचा दर्जा घसरला होता. कोल्हापुरीच्या जागी बाथरूमची निळी स्लिपर, बुटांच्या जागी अंगठा तुटलेली रबरी चप्पल, आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी एकटा गमबूट. वडिलांची चप्पल तेवढी जागेवर होती. कुणी पायांत घालून पाहिली असेल, तर तो खळगा नडला असणार.

मुलीला फोन केला, तर ती हसून हसून दमली. मग म्हणाली, "बाबा, फेलिक्स गोन्झालेस-टोरेस वाच. त्याने 1991 मध्ये 175 पौंड चॉकलेटगोळ्यांचा ढीग मांडला, एड्सने गेलेल्या आपल्या जोडीदारासाठी. लोकांनी एकेक गोळी न्यायची आणि ढीग कमी होत जायचा, हेच काम होतं. तुझंही तेच झालं."

"त्याचे लोक बदल्यात स्लिपर ठेवून जात होते का?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले, शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे सर. मी मुकाट्याने शिल्लक माल मांडून ठेवला होता. सर गमबुटापाशी बराच वेळ उकिडवे बसले. हा एकटेपणा फार प्रभावी आहे म्हणाले. बाकीची मांडणी जरा ठरवून केल्यासारखी वाटते, पण इथे कलावंत खऱ्या अर्थाने मोकळा झालाय. मी नम्रपणे मान खाली घातली. पहिलं बक्षीस रांगोळीला गेलं, मला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा.

डबा घेऊन घरी आलो आणि चहा टाकला, तेवढ्यात बेल वाजली. दारात सी विंगमधले नाना, एका पायात गमबूट, दुसऱ्यात माझी कोल्हापुरी.

"ही उजवी तुमची," ते म्हणाले. "माझा उजवा कलेत गेलाय असं कळलं. परत मिळेल, की लिलाव करणार आहात?"