ॲव्हरेजभाऊ

ॲव्हरेजभाऊ येण्याआधी त्यांचा आवाज येतो. त्यांचा म्हणजे त्यांच्या गाडीचा. ते स्वतः मितभाषी आहेत, विषय मोटरसायकलवर येईपर्यंत. डहाणूच्या पारनाक्यावर चहाचा ग्लास हातात धरलेला माणूस मान न वळवता सांगतो, "भाऊ आले, एक कटिंग वाढव."

हे भाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. डहाणूपासून तलासरीपर्यंत भाऊंची मोठी वस्ती आहे. कुणी आश्रमशाळेत शिक्षक, कुणी ग्रामसेवक, कुणी उंबरगावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, कुणी घोलवडच्या वाडीत चिकूचे क्रेट मोजून घेणारा. जात, पक्ष, पगार वेगवेगळे, गाडी मात्र एकच: काळी स्प्लेंडर, अंगावर जांभळे पट्टे. नंबर एमएच ०४, म्हणजे ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या हलल्या, पाट्या बदलल्या, पण भाऊंची गाडी अजून ठाणे जिल्ह्यातच आहे. उजव्या साइड कव्हरचा मूळ स्टिकर कधीच उडाला. त्या जागी पुतण्याने पांढऱ्या ऑइलपेंटने तारपानाच काढलाय. नाचणाऱ्यांच्या साखळीतला शेवटचा गडी बरोबर किकच्या बाजूला वळतो, आणि भाऊ किक मारायला लागले की तोही दमल्यासारखा वाटतो.

स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली. इंजिन ९७.२ सीसी, ताकद सात-साडेसात हॉर्सपॉवर. कागदावर हे साडेसात घोडे एका माणसाला आरामात नेतात. भाऊंच्या गाडीवर मात्र भाऊ, मागे वहिनी, मध्ये धाकटा, हँडलला दोन पिशव्या, आणि सणासुदीला पायाशी गॅसचा सिलिंडर. एवढं लादून भाऊ तक्रार करतात, "गाडीला पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही."

भाऊंची मागणी एका वाक्यात सांगता येते: गाडीला ताकद आली पाहिजे, पण ॲव्हरेज एका किलोमीटरनेही पडता कामा नये. आजवर कितीतरी फिटरांनी या वाक्यापुढे हातातला पाना खाली ठेवला आहे.

तक्रार खोटी आहे असं नाही, हे भाऊंच्या बाजूने सांगायला हवं. मुंबई-अहमदाबाद हायवेला चारोटीच्या पुढे कंटेनर बाजूने गेला की त्याच्या वाऱ्यानेच गाडी साइडपट्टीवर उतरते. अशा वेळी जरा पुढे निघून जाता आलं तर जीव वाचतो. आणि कासा सोडून जव्हारकडे चढायला लागलं की भाऊ तिसऱ्यात, मग दुसऱ्यात, मग वहिनी उतरून चालत. वहिनी वर आधी पोचतात. हा प्रसंग भाऊंच्या मनाला लागून राहिलाय, आणि त्यांच्या सगळ्या संशोधनाचं मूळ त्या चढात आहे.

संशोधन एअर फिल्टरपासून सुरू झालं. "माणसाच्या नाकावर फडकं बांधलं तर तो पळेल का?" असं म्हणून भाऊंनी फिल्टर काढून माळ्यावर टाकला. आवाज वाढला, त्यामुळे पहिले दोन दिवस पिकअपही वाढल्यासारखा वाटला. मग गाडी मोठ्या रेसला अडखळायला लागली. कार्बोरेटरचा जेट ठरलेल्या हवेच्या हिशोबाने बसवलेला असतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि ओढ कमी होते. शिवाय हायवेची सगळी धूळ थेट बोअरमध्ये. पावसाळ्यापर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, म्हणजे रिंगा घासून ऑइल जळायला लागलं. भाऊ म्हणाले, "जुनी घाण बाहेर पडतेय."

दुसरा प्रयोग सायलेन्सरची जाळी काढण्याचा. यातही ताकद आली नाही, आवाज मात्र असा आला की त्याचा उल्लेख भूगोलात करावा लागतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसायला लागले, लोक रात्री घराबाहेर झोपत होते. त्या दिवसांत एका पहाटे आळीतली भांडी खणखणली आणि चार घरं लेकराबाळांसकट अंगणात आली. धक्का वगैरे काही नव्हता. भाऊ फर्स्ट शिफ्टला निघाले होते आणि गाडी गरम करत होते. त्या दिवशी आळीने जे शब्द वापरले ते भाऊंनी मनावर घेतले आणि जाळी परत बसवली. नाहीतरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत असले फेरफार करता येत नाहीत, आणि सायलेन्सरच्या आवाजावर पोलिसांचं आता लक्ष असतं. पण पोलिसांपेक्षा आळीतल्या बायका जास्त परिणामकारक ठरल्या.

मग स्पॉकेट. हा प्रयोग मला मनापासून आवडतो, कारण याच्यामागे खरं गणित आहे. पुढचं चौदा दातांचं स्पॉकेट काढून तेरा दातांचं टाकलं की चाकाची ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरतं. म्हणजे चढाला गाडी खुशीत, सपाटीला किंचाळत. पंधरा दातांचं टाकलं तर सगळं उलटं. भाऊंनी दोन्ही आणली. जव्हारला जायचं तर आदल्या रात्री तेरा, हायवेने मनोरला जायचं तर पंधरा. काही काळ त्यांच्या डिकीत कागदपत्रांच्या जागी ग्रीस लागलेली दोन स्पॉकेटं असत. एकदा पासिंगचे कागद मागणाऱ्या हवालदाराच्या हातात त्यांनी चुकून तेरा दात ठेवले.

किरकोळ प्रयोग मोजत नाही. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकून झाल्या, कपाटात झुरळं झाली तेव्हा घरात गोळ्या सापडल्या नाहीत. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून झालं. ते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला लागतं, स्प्लेंडरला त्याचा काही उपयोग नाही. पण महाग आहे म्हणजे काहीतरी असणारच, ही श्रद्धा. शेजारच्या आरएक्स १०० चा जेट बसवायचा विचारही झाला. त्या गाडीचं नाव निघालं की भाऊंचा आवाज हळवा होतो. ९८ सीसी आणि अकरा हॉर्सपॉवर! पण ती टू-स्ट्रोक, प्रत्येक फेऱ्याला स्फोट, आणि न जळलेलं थोडं पेट्रोल दर वेळी धुराबरोबर बाहेर. तिचा मालक पंपावरच्या पोऱ्याला नावाने ओळखतो, एवढं सांगितलं की भाऊ गप्प बसतात.

पेट्रोल हा विषय निघालाच आहे तर. गुजरातमध्ये पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी स्वस्त. तलासरीच्या भाऊला ते परवडतं. अच्छाड ओलांडलं की आलं भिलाड. डहाणूचा भाऊ मात्र बोर्डी-झाईवरून उंबरगावला जातो, जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. टाकीत बसतं दहाएक लिटर, वाचतात ऐंशी-नव्वद रुपये, आणि वाटेत जळतं तेवढ्याच पैशांचं पेट्रोल. हा हिशोब वहिनींनी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. भाऊ म्हणाले, "अगं, पण समुद्राची हवा मिळते ती धर ना."

"तुम्हाला मिळते. मी घरी असते," वहिनी म्हणाल्या.

ॲव्हरेज मोजण्याची भाऊंची पद्धत मात्र शास्त्रीय. टाकीचा पाइप बंद, हँडलला एक लिटरची पाण्याची बाटली उलटी टांगलेली, तिच्यातून नळी थेट कार्बोरेटरला. पहाटे, वारा पडलेला असताना, सुरूच्या बनाच्या कडेने डहाणू-बोर्डी रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने, एकटे. धाकट्याला घरी ठेवतात, हेल्मेटही काढून ठेवायला निघाले होते, वजन म्हणून. असं मोजल्यावर कुठलीही गाडी चांगलंच ॲव्हरेज देणार. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चाळीसच्या गाडीचा आकडा सत्तरच्या गाडीला लागू पडत नाही. भाऊ रोज जातात सत्तरने आणि आकडा सांगतात चाळीसचा. वर त्यात पाच मिळवतात, "बाटलीत थोडं राहिलं होतं" म्हणून.

अलीकडे त्यांना इथेनॉल सापडलंय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, हे खरं आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर यांची काळजी घ्यावी लागते, हेही खरं. पण भाऊंच्या तोंडी इथेनॉल म्हणजे घसरलेलं ॲव्हरेज, तुटलेली क्लच वायर आणि धाकट्याचे गणितातले मार्क, सगळ्याचं एकच कारण.

शेवटी वहिनींनी त्यांना स्टेशनजवळच्या जुन्या मिस्त्रीकडे पाठवलं. हा मिस्त्री म्हातारा, १९८५ सालच्या पहिल्या सीडी १०० पासून या इंजिनात हात घालणारा. त्याने भाऊंचं ऐकूनच घेतलं नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. त्याने भाऊंकडे पाहिलं, काही बोलला नाही, पुन्हा फिरवलं. पुन्हा अर्धा फेरा.

"भाऊ, ब्रेक लावूनच फिरताय तुम्ही."

मग एकेक निघत गेलं. मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. चेन इतकी ताणलेली की बोटाने हलेना. भाऊंना सैल चेनचा आवाज आवडत नाही. टायरमध्ये हवा निम्मी. क्लचप्लेटा झिजलेल्या, त्यामुळे रेस वाढायची आणि गाडी जागच्या जागी. टॅपेट एवढे टाइट की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरते बसतच नसत. कार्बोरेटरचा बाऊल उघडला तर तळाला लालसर गाळ आणि पाण्याचे थेंब. मेन जेट मिस्त्रीने उजेडाकडे धरला. त्याचं भोक मध्ये गोल नव्हतं, लांबट होतं.

"यात तार कोणी घातली?"

"साफ करायला," भाऊ म्हणाले.

"साफ झालं. पेट्रोलही साफ होतंय."

त्या दिवशी मिस्त्रीने जे सांगितलं ते माझ्या मते या विषयावरचं शेवटचं वाक्य आहे. "ताकद पेट्रोलमधनंच येते, भाऊ, इंजिनात देव बसलेला नाही. कंपनीच्या वर ताकद पाहिजे तर पेट्रोल जास्त जाळावं लागेल. पण तुमची गाडी कंपनीच्या खाली गेलीय. ती वर आणली की पिकअप पण येईल आणि ॲव्हरेज पण. दोन्ही एकदम फक्त तेवढ्यातच मिळतं."

नवा जेट, क्लचप्लेटा, प्लग, माळ्यावरून शोधून आणलेला आणि धुऊन बसवलेला एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग, चेन ढिली, ब्रेक मोकळा, टायरला हवा. स्पॉकेट पुन्हा चौदा दातांचं. रिंगांचं काम दिवाळीच्या बोनसवर ढकललं. बिल भाऊंना फारच थोडं वाटलं आणि त्यामुळेच पटलं नाही. एवढ्याशा पैशात ताकद कशी येईल? त्यांच्या मनात हेड खोलणं, लेथवर बोअर वाढवणं असं काहीतरी भारदस्त होतं. ही तर नुसती सर्व्हिसिंग.

पण गाडी बदलली. पुढच्या रविवारी डबल सीट जव्हारचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये पार झाला, वहिनी बसूनच. महिनाअखेरीला पंपावर टाकी पुन्हा फुल करून हिशोब केला तर ॲव्हरेजही वाढलेलं. यावेळी बाटली नव्हती आणि वेगही सत्तरचाच होता.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मिस्त्रीकडे गाडी दिली त्याच आठवड्यात भाऊंनी वापीहून एक चुंबक आणला होता. पेट्रोलच्या नळीला चिमटा लावतात तसा लावायचा, म्हणजे त्यातले रेणू सरळ रांगेत उभे राहतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पेट्रोलवर चुंबकाचा असला काही परिणाम होत नाही. तो चुंबक टॅपेट, चेन, ब्रेक यांच्या बरोबरच गाडीवर चढला, आणि सगळं श्रेय घेऊन गेला. हल्ली पारनाक्यावर कुणी विचारलं तर भाऊ खाली वाकून, साइड कव्हर बाजूला करून, नळीवरचं ते काळं डबडं दाखवतात. मिस्त्रीचं नाव निघत नाही. डहाणूत आतापर्यंत असे बरेच चुंबक खपलेत, आणि ते लावणाऱ्यांपैकी कुणाचं ॲव्हरेज वाढलं असेल तर त्याने आधी कुठल्या गॅरेजात ब्रेक मोकळा करून घेतला तेवढं विचारा.

आणि एक विनंती. डहाणू लोकल पकडायला निघाला असाल आणि वाटेत भाऊ भेटले, तर हात करा, हसा, तब्येत विचारा. गाडी काय ॲव्हरेज देते ते मात्र विचारू नका. पुढची लोकल लवकर नसते.