पिफची वाट कशी पाहावी : कर्जत-खालापूरकरांसाठी नियमावली

चित्रपट महोत्सव पाहणे कुणालाही जमते. त्याची वाट पाहणे ही विद्या आहे आणि कर्जत-खालापूर तालुक्यांत तिच्यावाचून भागत नाही. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे २००२ साली सुरू झालेला ‘पिफ’, साधारण जानेवारीत भरतो. पुणेकर रसिक सकाळी उठून ठरवतो, की आज जाऊ. आपल्याकडे मधे भूगोल येतो. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला येऊन थांबते, पुण्याची लोणावळ्याला. मधला बोरघाट १८६३ पासून रुळांनी जोडलेला आहे, पण लोकल तो चढत नाही. सबब आमचा सिद्धान्त असा : इथल्या रसिकाने महोत्सवाची तयारी करायची म्हणजे यादी वाढवायची नाही, कापायची.

नियम पहिला. वेळापत्रके दोन असतात, एक चित्रपटांचे आणि एक रेल्वेचे; दुसरे आधी वाचावे. महोत्सवी रसिक नावाचा जो प्राणी आहे, तो कार्यक्रमपत्रिका हाती पडताच तीन रंगांची पेने काढतो. अवश्य पाहावे ते लाल, जमल्यास निळे, आणि इराणी असेल तर विचार न करता हिरवे. संध्याकाळपर्यंत पत्रिकेची रांगोळी होते आणि एका वेळी चार पडद्यांसमोर बसण्याची जबाबदारी शिरावर येते. त्याने पेने ठेवून द्यावीत आणि चित्रपट तारांकनाने नव्हे, मिनिटांनी मोजावा. पुणे ते कर्जत रुळांवरून नव्वदेक किलोमीटर आहे. रात्रीचा पावणेतीन तासांचा, एकाच खोलीत घडणारा चित्रपट कितीही थोर असला तरी तो संपल्यावर स्टेशन गाठायचे असते. दिग्दर्शकाशी गप्पांचा कार्यक्रम तर पुणेकरांसाठीच असतो असे समजावे. महोत्सवात एक चित्रपट बरेचदा दोनदा दाखवतात. त्यातला दिवसाचा खेळ आपला.

नियम दुसरा. उद्घाटनाला जाऊ नये. भाषणे इथेही होतात.

नियम तिसरा. जो चित्रपट पुढे थिएटरात येणार हे नक्की, तो यादीतून आधी कापावा. यावर आक्षेप ठरलेला : आता सगळेच मोबाइलवर येते, मग घाट चढायचा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवून पुढे घरबसल्या पाहता आला. पण त्यांच्याच ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिसला ओरिझोंती विभागाचे पारितोषिक जिंकले आणि आपल्या थिएटरात तो आला २०१५ च्या एप्रिलमध्ये. ‘साबर बोंडं’ने २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले; इथे तो सप्टेंबरमध्ये लागला. हे झाले भाग्यवान. ज्यांना वितरकच मिळत नाही, त्या चित्रपटांना महोत्सवाचे दोन खेळ हेच थिएटर. शिवाय महोत्सवातील चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते, त्यामुळे तिथे पाहिलेला चित्रपट पुढे कात्री लागूनही येऊ शकतो. म्हणून यादीत उरावेत ते बिनवितरकाचे, लघुपट आणि जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती.

नियम चौथा. वडा कर्जत स्टेशनावरच घ्यावा आणि पुण्यात त्याविषयी बोलू नये.

नियम पाचवा. ‘आमच्याकडे सिनेमा घडतो, आम्हाला महोत्सवाचे काय कौतुक’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालावा. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली चौकजवळ स्टुडिओ उभारला आणि ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला खालापूर तालुक्यात आला. हा अभिमान रास्तच आहे. पण किल्ला उभारायला जागा देणे वेगळे आणि चित्रपट बघायला जागा असणे वेगळे. इथली माणसे सुतारकामाला, रंगकामाला, जेवणाच्या पंगतीला आणि गर्दीच्या प्रसंगाला चालतात. प्रेक्षक व्हायचे तर त्यांनी तिकीट काढून घाट चढावा. शहाणपणाने वाट पाहा असे आम्ही इतका वेळ शिकवतो आहोत खरे, पण या व्यवस्थेत शहाणपण कमी आणि सवय जास्त आहे, हे कबूल केले पाहिजे.

नियम सहावा आणि शेवटचा. वाट पाहताना हात रिकामे ठेवू नयेत. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून चालली आहे; तशी एखादी इथेही काढावी. फिल्म सोसायटीला स्टुडिओ लागत नाही, सभासद, प्रोजेक्टर आणि पंखे चालणारे सभागृह लागते. बिनवितरकाच्या दिग्दर्शकाला रीतसर पत्र लिहून परवानगी मागावी, परवडेल ते मानधन द्यावे. तो बहुधा येईलसुद्धा, कारण त्यालाही प्रेक्षक हवाच असतो. खेळ मात्र शेवटच्या खोपोली लोकलच्या वेळेआधी संपवावा. नाहीतर पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजीचे रसिक दिग्दर्शकाशी गप्पा सुरू होण्याआधीच उठतील आणि पुण्याला नावे ठेवायची सोय उरणार नाही.