हिरवा ठिपका

आमच्या बियाणं-खताच्या धंद्याचं मुख्य कार्यालय नांदेडला वजिराबादेत, शाखा लातूरला गंजगोलाईपाशी. शाखेचा व्यवस्थापक मी. फोन, चॅट, मीटिंग, फाइली हे सगळं एकाच अ‍ॅपमध्ये आणायचं डोकं माझंच. "मालक, दर आठवड्याला अहमदपूर-लोहा करत नांदेड गाठायची गरजच उरणार नाही," एवढ्यावर मालक राजी झाले. त्यांना वाटलं डिझेल वाचेल. मला वाटलं, समोर उभं राहून खायची बोलणी वाचतील.

नांदेड आणि लातूर एका धाग्यात ओवणं ही काय चीज आहे, हे लातुरात राहणाऱ्याला सांगायला नको. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. आयुक्तालयाच्या कामासाठी दोन्ही गावं अजूनही छत्रपती संभाजीनगरच्याच चकरा मारतात. सरकारला जे जमलं नाही, ते मी महिनाभराच्या मोफत चाचणीत करायला निघालो होतो.

पहिली मीटिंग मी बोलावली, म्हणजे अ‍ॅपच्या लेखी यजमान मी. पाहुण्यांनी दाराशी थांबायचं, यजमानानं बटण दाबलं की आत यायचं. कुणी दाराशी थांबल्याचं सांगणारी पट्टी पडद्याच्या कोपऱ्यात कधीची लुकलुकत होती आणि मी आमच्या पोरांना डिजिटल क्रांती समजावण्यात गुंग. शेवटी साधा फोन वाजला. "आम्ही कवापासून भायेर थांबायलोत. लातूरच्या दारात यायला आता चिठ्ठी पाठवावं लागते का?"

मालकांना घाईघाईनं आत घेतलं आणि केकाटणं सुरू झालं. लॅपटॉप चालू होताच, शिवाय प्रत्येकानं आपापला मोबाइलही जोडलेला. सवय होऊ द्या, असं मीच बजावलं होतं. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माइक उचलतो, तो पुन्हा स्पीकरवर, पुन्हा माइकात. अ‍ॅप आपल्या यंत्राचा प्रतिध्वनी गाळून टाकतं. शेजारच्या यंत्राचा त्याला पत्ता नसतो. अशी किंचाळी उठली, की खालच्या भुसार दुकानातला माणूस जिना चढून बघायला आला. "माइक बंद करा!" असं मी ओरडलो, तर ते ओरडणंही खोलीभर फिरत राहिलं.

आमचे दूरस्थ कर्मचारी म्हणजे खरोखरीच दूरचे. किनवटचा प्रतिनिधी माहूरच्या रस्त्यावर, रेंज सापडते तिथं मोटारसायकल लावून बसला होता. तोंड उघडं असतानाच त्याचं चित्र गोठलं आणि मीटिंगभर तसंच राहिलं. (नुसत्या आवाजाला फार थोडा डेटा लागतो, पण मला सगळ्यांचे चेहरे हवे होते ना!) ट्रंककॉलच्या काळात तीन-तीन मिनिटांचा हिशेब असायचा, म्हणून माणसं तार केल्यासारखी बोलत. इथं फुकट म्हटल्यावर 'ऐकू येऊलालंय का?' यातच अर्धा तास गेला.

मालकांना त्या अ‍ॅपमधली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे नावापाशी दिसणारा ठिपका. माणूस जागेवर असला की हिरवा, काही मिनिटं यंत्राला हात लागला नाही की पिवळा. चॅट ते वाचत नसत, फाइल उघडत नसत, ठिपका मात्र बघत. मी चहाला उतरलो की फोन आलाच. "पिवळे पडलाव तुम्ही." कावीळ झाल्यासारखं वाटायचं.

यावर मी तोडगा काढला. बाहेर जाताना शिपायाला माझ्या खुर्चीत बसवायचं आणि अधूनमधून माउस हलवायला सांगायचं. पोरगं इमानी. एके दुपारी माउस हलवता हलवता त्याच्या हातून मालकांनाच व्हिडिओ कॉल लागला. साहेब कुठं आहेत, मालकांनी विचारलं.

"सायेब हिरवे हायत की," तो म्हणाला, "पण चहाला गेलेत."

मी परतलो तेव्हा कॉल चालूच होता. गोदामात सोयाबीनच्या किती पिशव्या पडून आहेत, उगवण झाली नाही म्हणून कोण भांडून गेलं, उदगीरची उधारी कुणाकडं अडकली, पोरगं धडाधडा सांगत होतं. आवाज स्वच्छ, चित्र एकदाही अडकलं नाही. मालक लिहून घेत होते.

आता सोमवारच्या मीटिंगचं निमंत्रण त्याच्या नावे येतं. मलाही येतं. मी माइक बंद ठेवून बसायचं, अशी सूचना आहे.