एका लेकराची पूर्ण जागा

बूस्टर सीट म्हणजे गाडीच्या मागच्या आसनावर ठेवायची उंच, टणक बैठक. मुलाला खिडकीबाहेरची गंमत दिसावी म्हणून ती नसते. गाडीचा सीटबेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बेतलेला असतो. मुलाला तो लावला की वरचा पट्टा गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. बैठकीने मूल उचलले गेले, की पट्टा खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांवरून जातो. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये आणला. त्याखाली मुलाला बसवण्याची उशी त्याच कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणली.

बूस्टर वयावर घेत नाहीत, उंची-वजनावर घेतात. मराठवाड्यात पहिली अडचण इथेच येते, कारण मुलाचे वय ही सोयीची बाब आहे. एसटीत पाच वर्षे पुरी झाली की अर्धे तिकीट लागते, म्हणून नांदेडच्या स्थानकावरचे लेकरू कित्येक महिने साडेचारचेच राहते. तेच शाळेच्या प्रवेशावेळी एका रात्रीत सहाचे होते. उंचीला असे समजावता येत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात लेकरांचे गुण दशांशासकट पाठ असतात, पण उंची विचारली की आई बाबांकडे पाहते आणि बाबा दाराच्या चौकटीकडे.

पाठ असलेला बूस्टर साधारण १५ किलो वजनापासून चालतो. आर-१२९ या नव्या युरोपीय मानकात तो १०० सेंटिमीटर उंचीपासून आहे. पाठ नसलेली नुसती उशी १२५ सेंटिमीटरनंतरची. स्वस्त तीच, त्यामुळे नजर आधी तिच्यावरच जाते. चार वर्षांच्या मुलासाठी ती घेणे ही मात्र बचत नव्हे. बूस्टरच्या पाठीला पट्टा वळवणारी खाच असते आणि झोपलेले डोके कडेला टेकते. नांदेडहून निघाल्यावर लोहा येईपर्यंत बहुतेक लेकरे झोपतात, तेव्हा ही कड कामाची. पैसे वाचवायचेच तर बैठक गाडीला अडकवणाऱ्या आयसोफिक्सच्या आकड्यांवर वाचवावेत: ते बैठक जागेवर ठेवतात, मुलाला धरतो तो पट्टाच. युरोपीय मान्यतेचा वर्तुळातला ‘ई’ व त्यापुढचा आकडा, किंवा भारतीय एआयएस-०७२ मानकाचा उल्लेख, एवढे मात्र पाहावे. जेवणाच्या खुर्चीवर बांधायची बैठकही बूस्टर याच नावाने विकतात. वरणभातापुरती ती उत्तम आहे.

मग गाडी. बूस्टरला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा लागतो; जुन्या गाड्यांत मागे मधोमध फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे तो ठेवता येत नाही. जुन्या बोलेरोच्या शेवटच्या समोरासमोरच्या बाकांचा तर प्रश्नच नाही. ज्यांच्या गाडीत पट्टे आहेत त्यांनी ते आधी शोधावेत. नवी गाडी घरी आली, नारळ फुटला, की पहिल्या आठवड्यात रेक्झिनचे कव्हर चढते आणि मागच्या पट्ट्यांची कुलपे त्याखाली कायमची गाडली जातात. ती बाहेर काढून, बूस्टर ठेवून, पट्टा कुलपात सहज बसतो का आणि बैठक कुलपावरच चढत नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

एवढे जमले तरी बूस्टर गाडीत बसला असे होत नाही, कारण माणसे बसायची असतात. इथे गाडीची क्षमता आसनांवर ठरत नाही, मांड्यांवर ठरते. माळेगावच्या यात्रेला निघालेल्या पाच आसनी गाडीत आठ माणसे असतात आणि तरी नवव्यासाठी कोणीतरी सरकते. अशा गाडीत एका लेकराने एक आख्खी जागा अडवायची, हे आजीला पटत नाही. ‘लेकरू ते केवढं, घ्या की मांडीवर,’ असे ती म्हणते, आणि बूस्टर डिकीत जातो. हिशेब मात्र आजीच्या विरुद्ध आहे: ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १८ किलोचे मूल सुमारे अडीचशे किलोच्या जोराने पुढे ओढले जाते. लातूरच्या आडतीवर अडीच क्विंटल सोयाबीन कोणी मिठीत धरत नाही.

कायद्याचेही म्हणणे तेच आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा योग्य बैठकीत बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे कुलपात नुसतीच अडकवून, पट्टा लावला नाही की वाजणारा गाडीचा इशारा गप्प करणारी क्लिप. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला सांगितले. सुरक्षेच्या नावाखाली मिळणाऱ्या वस्तूंत ती नक्कीच सर्वांत परवडणारी होती.

रिकामा बूस्टरही पट्ट्याने बांधूनच ठेवावा, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर तो स्वतःच पुढच्याच्या डोक्यावर येतो. मुलाची पाठ आसनाला टेकून गुडघे कडेवर वाकू लागले आणि पट्टा आपोआप खांद्यावर बसू लागला, की बूस्टरचे काम संपते. साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरला. मग तो मावशीच्या धाकट्याकडे जातो. घेताना मावशीने गाडीला कधी अपघात झाला होता का, हे विचारून घ्यावे. अपघात सोसलेला बूस्टर फुकटही घेऊ नये.