ओहमकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, एक चेअरमनच्या विरोधातला असतो आणि एक ओहमकाका असतात. पहिले दोघे निवडणुकीनंतर जागा बदलतात. ओहमकाका तहहयात.

हे गृहस्थ बहुधा कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे यांचा टेस्टर. पिशवीत पिवळा मल्टिमीटर. आपण दार उघडून ‘या काका’ म्हणतो, तोवर त्यांची नजर आपल्याला ओलांडून मागच्या स्विचबोर्डावर स्थिरावलेली असते. “६ अँपिअरच्या सॉकेटात इस्त्री? किती वॅटची?” आपण इस्त्री उलटीपालटी करून आकडा शोधतो. “१००० भागिले २३०. ४.३५ अँपिअर. चालेल.” लग्नापासून त्याच सॉकेटात चालत आलेल्या इस्त्रीला आज रीतसर मंजुरी मिळते.

थंडीतल्या सकाळी त्यांचा खरा हंगाम सुरू होतो. “गीझर बिघडला वाटतं, पाणीच तापत नाही,” असं चौथ्या मजल्यावर कुणी म्हणायचा अवकाश, काका हजर. “वहिनी, गीझर उत्तम आहे. २००० वॅटचा म्हणजे २३० चा वर्ग भागिले २०००, रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहम. तो आहे तिथेच आहे. पण सप्लायच १९० व्होल्ट येतोय. व्होल्टेज घटलं सतरा टक्के, पॉवर गेली बत्तीस टक्के! का?” वहिनी घड्याळाकडे बघतात. “कारण वर्ग!” मग पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला सोळा मिनिटांऐवजी तेवीस कशी लागतात, हे ते दुधाच्या पिशवीवर मांडून दाखवतात. तेवढ्या वेळात पाणी खरोखरच तापतं. मेकॅनिकचे पैसे वाचले, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

ओहम हे त्यांचं दैवत. कलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या या मास्तरानं १८२७ साली व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स यांचं नातं पुस्तकात मांडलं, तेव्हा त्याच्या देशबांधवांनी त्याला फारसं विचारलं नाही. बिचाऱ्यानं नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. ही हकिगत सांगताना काकांचा आवाज जड होतो आणि नजर नोटीस बोर्डाकडे वळते. त्यांच्या मते त्या सोसायटीत आणि आपल्या सोसायटीत हाच फरक.

डिप्लोमाची पोरं दिसली की ते ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब काढतात. मीटर लावायला सांगतात. मीटर दाखवतो साधारण ६५ ओहम. “आता काढा पॉवर.” पोरं हिशेब करतात, उत्तर येतं आठशे वॅटच्या वर. “मग मीटर खोटं की ओहम खोटा?” पोरं गप्प. काका थोडा वेळ हा आनंद चघळतात आणि मग सांगतात, की थंड तार आणि पेटलेली तार वेगळी. बल्ब तापला की टंगस्टनचा रेझिस्टन्स दहापटीहून वाढतो. या प्रयोगाला एखादा पोरगा सवाई निघतो आणि विचारतो, “काका, फ्रिजला व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट होतात का?” इथे पॉवर फॅक्टर निघतो. तो निघाला की चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो.

एक गंमत मात्र सांगायला हवी. काका स्वतः स्टुलावर कधीही चढत नाहीत. घरचा होल्डर बदलायलासुद्धा वायरमन येतो. हे खालून स्टूल धरतात आणि गणित सांगतात. वायरमन ‘हो काका, हो काका’ करत आपल्या मनासारखं करतो.

गणपतीत मंडपाच्या पोरांनी ५०० वॅटचे आठ हॅलोजन वॉचमनच्या केबिनमधल्या एकाच सॉकेटावरून ओढले. फ्यूज उडाला. पुन्हा उडाला. मग कुणा हुशारानं फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार पिळली आणि उजेड झाला. काका आरती अर्धी टाकून आले. “४००० भागिले २३०, साडेसतरा अँपिअर! वायर सहा अँपिअरच्या लायकीची! करंट जवळजवळ तिप्पट, म्हणजे वायरीत उष्णता आठपटीच्या वर! का?” “कारण वर्ग,” पोरं एका सुरात म्हणाली आणि हसली. मग एकानं सहज वायरीला हात लावला, आणि हसणं थांबलं. मेन स्विच पाडून वायरमनला उठवून आणलं. मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी बसेपर्यंत बाप्पा समईच्या उजेडात बसले.

तेव्हा तुमच्या इमारतीत असे काका असतील, तर मंडपाची वायर ओढण्याआधी त्यांना खाली बोलवा, आणि आकडा सांगून होईपर्यंत मधे बोलू नका. चहा मात्र गॅसवर करा. इंडक्शन दिसलं तर ते जेवूनच जातील.