नदीच्या तोंडाला फेस

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस चढला की काठावर टोलवाटोलवी सुरू. महापालिका वरच्या गावांकडे बोट दाखवते, गावं एमआयडीसीकडे, कारखानदार घरोघरच्या सांडपाण्याकडे. या रांगेत आणखी एक संशयित उभा करू: पिकावर फवारायच्या औषधात मिसळायचा स्टिकर.

आळंदीजवळचं चाकण गाड्यांच्या कारखान्यांचं झालं अलीकडे. त्याआधी ते कांद्याच्या बाजाराचं. कांद्याची पात मेणचट. नुसतं औषध मारलं तर घरंगळून मातीत जातं, म्हणून पंपात थोडा स्टिकर. शिवाय तेलकट औषधाच्या बाटलीत कंपनीने साबणाचा एक भाऊबंद आधीच घातलेला असतो. पंपातलं पाणी दुधासारखं होतं, ते त्याच्याच जोरावर. पावसाने शेत धुतलं की हे दोन्ही ओढ्यात, ओढ्यातून नदीत. पुढे बंधाऱ्यावर पाणी आपटतं, हवा कोंडते, फेस तयार.

शेतकऱ्याला लगेच फासावर चढवू नका. आळंदीच्या फेसात मोठा हात प्रक्रियेविना सोडलेल्या मैलापाण्याचा, धुण्याच्या पावडरीचा आणि कारखान्यांतल्या सांडपाण्याचा. शेताचा वाटा लहान. पण सगळेच ‘आमचा वाटा लहान’ म्हणतात आणि बेरीज नदी करते.

आता मोजणी. पिण्याच्या पाण्यात असली साबणी द्रव्यं लिटरला 0.2 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, असं भारतीय मानक म्हणतं. ती मोजायची मिथिलीन ब्लूच्या चाचणीने. ही चाचणी पकडते फक्त ऋणभाराची द्रव्यं. फवारणीच्या औषधांत मिसळलेली बरीचशी असतात बिनभाराची. ती निळ्या पाण्यातून बिनबोभाट निसटतात. ज्याच्यावर भार नाही तो सापडत नाही, हे शास्त्र आपल्या खात्यांनी प्रयोगशाळेविनाच आत्मसात केलंय.

पश्चिम जर्मनीतल्या नद्याही 1950च्या दशकात अशाच फेसाळल्या होत्या. तिथे 1961 मध्ये कायदा झाला. फेस कोणाचा, हा वाद न घालता त्याने साबणालाच विचारलं: पाण्यात तुझं विघटन होतं की नाही? न होणारे 1964 पासून बाद. कारखान्यांनी मुकाट्याने रसायन बदललं.

आपणही तेवढंच करावं. धुण्याची पावडर असो, कारखान्यातलं पिंप असो की स्टिकरची बाटली, प्रत्येकावर एक ओळ सक्तीची: नदीत गेल्यावर हे किती दिवसांत संपतं. नदी सुटेल. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्यांना मात्र बोटाचं काय करायचं, हा प्रश्न पडेल.